शाळा बंद असतानाची शाळा : ‘शाळा-संपर्क’ या खर्चाविषयी निवेदन



रुग्णालयाच्या जमाखर्चात ‘शाळा-संपर्क’ या नावाचे एक लहानसे शीर्ष गेली काही वर्षे आपणांस दिसत असेल. रक्कम मोठी नाही. तथापि मागील वार्षिक सभेत आणि त्यानंतर आलेल्या पत्रांतून त्याविषयी विचारणा झाली. रुग्णांच्या नावाने दिलेला पैसा शाळेकडे का वळविला जातो, असा त्या विचारणेचा रोख होता. प्रश्न रास्त आहे. देणगीदाराने तो विचारलाच पाहिजे. मात्र त्याचे उत्तर एका ओळीच्या टिपेत मावणारे नाही, म्हणून अहवालाची ही पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.

प्रथम हिशेबाची बाजू स्पष्ट करतो. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. बिलांच्या रकमेपैकी दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते, आणि तो निधी त्या रुग्णांखेरीज अन्य कशासाठीही वापरता येत नाही. शाळा-संपर्काचा एकही रुपया त्या निधीतून गेलेला नाही. हा खर्च संपूर्णतः त्या विशिष्ट कामासाठी मिळालेल्या देणग्यांतून होतो व त्याची खतावणी स्वतंत्र ठेवली जाते.

आता मूळ विषयाकडे वळतो.

रुग्णालयाच्या मागील कुंपणाला लागून पहिली ते चौथीची प्राथमिक शाळा आहे, हे येथे येणाऱ्यांना ठाऊक आहेच. मधल्या सुटीचा गलका बालरुग्ण कक्षात ऐकू येतो. पूर्वी त्याविषयी तक्रारीही येत असत. मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद झाल्या आणि तो गलका थांबला. तो आठ-पंधरा दिवसांत पुन्हा सुरू होईल, असे आम्हां सर्वांनाच वाटले होते. प्रत्यक्षात काय घडले, ते क्रमाने नमूद करणे आवश्यक आहे. कारण आता लोक ‘ती दोन वर्षे’ असे मोघमपणे म्हणतात आणि प्राथमिकच्या मुलांचा वाटा त्यात हरवून जातो. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून सुरू झाले. पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून. दुसऱ्या लाटेत ते सारे पुन्हा बंद पडले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळा पुन्हा उघडल्या, त्याही ग्रामीण भागात पाचवीपासून पुढे आणि शहरांत आठवीपासून पुढे. पहिली ते चौथीच्या मुलांचा क्रमांक १ डिसेंबर २०२१ रोजी लागला, आणि काही मोठ्या शहरांत त्यानंतरही पंधरा दिवसांनी. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे पुन्हा काही आठवडे टाळे लागले. म्हणजे सर्वांत लहान मुले सर्वांत अधिक काळ, वीस महिन्यांहून जास्त, घरी राहिली. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात पहिल्यांदा बसले ते दुसरीचे अर्धे वर्ष सरल्यावर. हजेरीपटावर मात्र त्याचे नाव पहिल्या दिवसापासून होते. शिक्षिकांनी आम्हांस सांगितले की, एकाच वर्गात दीड वर्ष असलेल्या मुलांना परस्परांची नावेही ठाऊक नव्हती.

या काळात शिक्षण बंद पडू नये म्हणून झालेले प्रयत्न खरोखरच उल्लेखनीय होते. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे शासनाच्या उपक्रमाचे नावच होते. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. सोलापुरात नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगविले आणि मुले अंतर राखून भिंतीभिंतींपुढे अभ्यास करू लागली. आमच्या शेजारच्या शाळेत इतके देखणे काही झाले नाही. तेथे जे झाले ते साधे होते, आणि म्हणूनच कदाचित दीर्घकाळ टिकले.

शिक्षिकांनी प्रथम पालकांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी केली. तेव्हा लक्षात आले की निम्म्या घरांत फोन आहे, पण तो वडिलांबरोबर कामावर जातो. एका घरी तीन भावंडे आणि फोन एक. देशभरात शाळेत नाव असलेल्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले, असे ‘असर’च्या पाहणीत आढळले, परंतु घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे त्या यादीवरून आमच्या ध्यानी आले. त्यामुळे शाळेने दोन वाटा ठेवल्या. ज्यांच्याकडे फोन होता त्यांना रात्री आठनंतर व्हॉट्सअॅपवर अभ्यास व सूचना जात. उरलेल्यांसाठी फाटकावर एक फळा टांगण्यात आला. त्या फळ्यावर सोमवारी आठवड्याच्या सूचना लिहिल्या जात : तांदूळ व डाळीचे वाटप कोणत्या दिवशी, कोणत्या इयत्तेच्या पालकांनी किती वाजता यावे, स्वाध्यायाचे कागद कोणत्या दुकानात ठेवले आहेत, कोणत्या मुलाचा वाढदिवस आहे. वाढदिवसाची ओळ प्रथम आम्हांस अनाठायी वाटली होती. पुढे असे दिसले की त्या ओळीसाठी मुले आईचा हात धरून फळा पाहावयास येत, आणि आईचे लक्ष बाकीच्या सूचनांकडे जाई. स्वाध्यायांच्या छायाप्रती आमच्या कार्यालयातील यंत्रावर निघत. शाळा-संपर्क या शीर्षाखालील पहिली नोंद ती आहे : कागदाची रिमे आणि शाईची डबी.

तांदळाच्या वाटपाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. प्राथमिक शाळेतील पोषण आहार दर मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य या प्रमाणाने ठरलेला आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. शाळा बंद झाल्यावर शिजविलेले अन्न थांबले आणि कोरडा शिधा देण्यात येऊ लागला. शिधा घरी पोहोचला, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र शाळेत शिजलेली खिचडी त्या मुलाच्याच पोटात जाते. घरी नेलेला तांदूळ घरातील सर्वांत वाटला जातो. ज्या घरातील रोजगार बुडाला होता तेथे तर तो तसा वाटला जाणे स्वाभाविकच होते, आणि त्यासाठी कोणत्याही आईला दोष देता येणार नाही. आमच्या बालरोग विभागाने मुलांची वजने पाहावयास सुरुवात केली, ती या विचारातून.

येथे मूळ मुद्दा येतो. प्राथमिक शाळा ही अक्षरओळखीची जागा आहे, तशीच ती गावातील आरोग्यसेवेची एक न दिसणारी शाखा आहे, हे ती बंद पडेपर्यंत आमच्याही पुरेसे लक्षात आले नव्हते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन प्रत्येक मुलाची तपासणी करते. हृदयातील छिद्र, कमी ऐकू येणे, दृष्टिदोष असे अनेक विकार पुष्कळदा तेथेच प्रथम उमगतात. लोहाची गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा शाळेतच दिली जाते. जंतनाशक गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेतच मिळते. पाचव्या वर्षीची त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा चुकली असल्यास पहिलीच्या प्रवेशावेळी ते कळते. यातील कोणतीही गोष्ट फोनवरून होत नाही.

या सर्वांहून मोठी एक गोष्ट आहे, तिला नाव नाही आणि तिचे अनुदानही नाही. शिक्षिका मुलाला रोज पाहते. मूल चार दिवस आले नाही तर ती विचारते. ते पेंगुळलेले असेल, डोळे चोळत असेल, फळ्याजवळ सरकून बसत असेल, तर ते तिच्या नजरेस पडते.

२०२० च्या पावसाळ्यात एका रात्री तिसरीतील एक मुलगी बेशुद्धावस्थेत आमच्याकडे आणण्यात आली. श्वास जलद व खोल चालला होता. घरच्यांना करोनाची भीती वाटत होती, आणि त्या भीतीपायीच त्यांनी दोन दिवस दवाखाना टाळला होता. तपासणीत रक्तातील साखर अत्यंत वाढलेली आढळली. बालपणीच्या मधुमेहात शरीर इन्शुलिन तयार करीत नाही. साखर पेशींत शिरू शकत नाही, शरीर चरबी जाळू लागते आणि रक्त आम्लधर्मी होत जाते. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते, परंतु ती एका दिवसात येत नाही. त्यापूर्वी कित्येक दिवस मूल सतत पाणी मागते, वारंवार लघवीस जाते, झोपेत अंथरूण ओले करू लागते, भरपूर खाऊनही वाळत जाते. मुलगी बारीक होत आहे हे आईला दिसले होते. घरात कोंडल्यामुळे ती रोडावली, असा तिने समज करून घेतला. मुलगी वाचली. अतिदक्षता विभागातील तिचे दिवस आम्ही विसरलेलो नाही. बरी झाल्यावर तिच्या वर्गशिक्षिका भेटावयास आल्या आणि दाराशी उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, “वर्गात असती तर तासाला तीनदा पाण्याला गेली असती, मला कळलं असतं.” महासाथीच्या काळात मुलांचा मधुमेह उशिरा, अशाच गंभीर अवस्थेत लक्षात येण्याचे प्रमाण अनेक देशांत वाढल्याचे पुढे वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. आमच्यासमोर ती एकच मुलगी होती.

त्यानंतर शाळा आणि बालरोग विभाग यांनी मिळून एक पद्धत ठरविली. प्रत्येक शिक्षिकेने आपल्या वर्गातील प्रत्येक घरी आठ दिवसांतून एकदा फोन करावा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्याशी शिधावाटपाच्या दिवशी बोलावे. प्रश्न पाचच होते. मूल काय जेवले? पाणी नेहमीपेक्षा अधिक पिते काय? झोप कशी आहे? ताप किंवा अंगावर पुरळ आले काय? घरात कोणी आजारी आहे काय? उत्तरे एका वहीत लिहावयाची, आणि काही खटकल्यास गुरुवारी दुपारी आमच्या डॉक्टरांना सांगावयाचे. ही रोगनिदानाची पद्धत नव्हे, हे आम्ही वारंवार बजावले. तिचा उद्देश नजरेआड झालेल्या मुलावर निदान कान ठेवावा, एवढाच होता.

शिक्षिकांवरील भाराची कल्पना यावी म्हणून नमूद करतो की, याच काळात शिक्षकवर्गाला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या घरोघरच्या पाहणीपासून तपासणी नाक्यांपर्यंत अनेक कामे होती. त्यांना फुकट पगार मिळतो, असे बोलणारे लोक तेव्हाही होते. आमच्या प्रतीक्षालयातही ते बोलणे कानी पडे.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्या वहीतील पाचव्या प्रश्नाची उत्तरे बदलली. घरात कोणी आजारी आहे काय, या प्रश्नाला कोणी आहे असे सांगे, तर कोणी होते असे सांगे. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्र व राज्य शासनाने मे-जून २०२१ मध्ये योजना जाहीर केल्या; राज्याने अशा प्रत्येक मुलाच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. एकच पालक गमावलेली मुले त्या ठेवीच्या कक्षेत बसत नव्हती. त्यांच्यासाठी बालसंगोपन योजनेचा दरमहाचा आधार होता, पण त्याचा अर्ज करावयाचा कोणी आणि कोठे, हे घरच्यांना ठाऊक नसे. शाळेच्या वहीत ती मुले होती. आमच्या समाजसेवा अधीक्षकांनी त्या वहीवरून अर्ज भरले. मृत्यूच्या दाखल्यावरील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील वडिलांचे नाव यांत एका वेलांटीचा फरक असल्याने अडलेले अर्जही होते. कागदपत्रांची ही कामे उपचारांत मोडत नाहीत, परंतु ती रुग्णालयाच्या दारातूनच सुरू झालेली होती.

आमच्या हातून झालेल्या चुकाही येथे नोंदविणे उचित होईल. सुरुवातीच्या महिन्यांत आम्ही शाळेला जंतुनाशक फवारणीचा सल्ला दिला. बाके, खिडक्यांचे गज, फाटक, सारे सोडियम हायपोक्लोराइटने धुवून निघाले. माणसांवर फवारणी करू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच कळविले होते, व ते आम्ही पाळले. पण पृष्ठभागांवरचा आमचा भर अवाजवी होता. हा विषाणू प्रामुख्याने हवेतून, बंदिस्त जागेतील श्वासावाटे पसरतो, हे २०२१ पर्यंत पुरेसे स्पष्ट झाले. तेव्हा ध्यानात आले की शाळेच्या वर्गांतील मागील बाजूच्या खिडक्या चोरीच्या भीतीने कित्येक वर्षांपूर्वी खिळे ठोकून बंद केलेल्या आहेत. समोरासमोरची दोन तावदाने उघडी असली की वर्गातील हवा बदलत राहते. एकाच बाजूची उघडी असली तर ती कोंडून राहते. रुग्णालयाच्या सुताराने दोन दिवसांत त्या खिडक्या मोकळ्या केल्या आणि बाहेरून जाळी बसविली. फवारणीवर जेवढा खर्च झाला होता, त्याहून हा खर्च कमी आला. हिशेब लिहिताना हा फरक टोचतो.

दुसरी चूक अधिक गंभीर म्हणावी लागेल. रुग्णालय आणि शाळा यांमध्ये एक लहान दार आहे. मार्च २०२० मध्ये आम्ही ते कुलूप लावून बंद केले. त्या वेळी ते योग्यच होते. परंतु ते उघडण्याचा विचार आम्ही दीर्घकाळ केला नाही. रुग्णालयात करोना कक्ष असल्याने गल्लीतून जाणे लोक टाळू लागले, आणि त्या शाळेतील मुले म्हणजे करोनावाल्यांच्या शेजारची मुले, अशी कुजबुज पसरली. मुख्याध्यापिकांनी आमच्याकडे मागणी केली की, शाळा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला रुग्णालयाने द्यावा. असा दाखला कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, असे आम्ही कळविले. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. दाखल्याऐवजी आमच्यापैकी कोणी पालकांसमोर उभे राहून बोलावे, हे त्या पत्रात सुचवावयास हवे होते. ते पुढे, मुख्याध्यापिकांच्या आग्रहाने, नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले.

ती सभा शाळेच्या पटांगणात झाली. वर्ग सुरू होण्यासाठी पालकांचे संमतिपत्र आवश्यक होते, आणि बहुतेक पालकांच्या हाती ते कोरे होते. दहा-अकरा वर्षांखालील मुलांसाठी तेव्हा लस नव्हती. (पुढेही १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ पासून आणि १२ ते १४ चे १६ मार्च २०२२ पासून सुरू झाले, प्राथमिकच्या मुलांची पाळी आलीच नाही.) आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की, लहान मुलांत हा आजार बहुधा सौम्य असतो, क्वचित संसर्गानंतर काही आठवड्यांनी गंभीर दाह उद्भवू शकतो, आणि ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी दिसल्यास मुलाला ताबडतोब आणावे. एक आजोबा उठून म्हणाले, “पोराला काही होणार नाही म्हणता, पण ते घरी येऊन माझ्याजवळच झोपतं ना!” त्यावर त्यांना त्यांच्या स्वतःच्या दुसऱ्या मात्रेविषयी विचारण्यात आले. ती घेतलेली नव्हती. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांचे लसीकरण पूर्ण करावे, असे त्या सभेत ठरले, आणि आमच्या केंद्रावर पुढील आठवडाभर आजी-आजोबांची रांग लागली.

१ डिसेंबरला एका बाकावर एक मूल, या नियमाने वर्ग भरले. पुष्कळ मुले रडली. काहींना पेन्सिल धरता येत नव्हती. वाचनाचे नुकसान किती झाले ते २०२२ च्या ‘असर’ अहवालात दिसले : तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे देशभरातील प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आले होते. आमच्या तपासणीत ज्या मुलांना ‘अभ्यासात मागे’ म्हणून पाठविण्यात आले, त्यांपैकी काहींना प्रत्यक्षात चष्म्याची गरज होती. दोन वर्षे कोणीही त्यांना फळ्यावरचे वाचून दाखवावयास सांगितले नव्हते. चष्म्यांचा खर्च याच शीर्षाखाली आहे. पुढे २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ उद्भवली, तेव्हा लसीच्या मात्रा चुकलेली मुले शोधण्यासाठी आमच्या परिसरात वेगळी पाहणी करावी लागली नाही. शाळेच्या वहीत प्रत्येक घर होते.

जून २०२० मध्ये पहिलीत आलेली ती मुले २०२४ मध्ये चौथी पूर्ण करून शाळेतून बाहेर पडली. वही मात्र बंद करू नये, असे शिक्षिकांनी सुचविले आणि विश्वस्त मंडळाने ते मान्य केले. आता फोन करावा लागत नाही. सलग तीन दिवस गैरहजर असलेल्या मुलांची यादी गुरुवारी मधल्या दारातून आमच्याकडे येते. दाराला कुलूप आहे, किल्ल्या दोन आहेत : एक रुग्णालयाच्या पहारेकऱ्याकडे आणि एक मुख्याध्यापिकांकडे. चालू वर्षी या शीर्षाखाली चष्मे, वजनकाटा, जाळीची दुरुस्ती आणि वह्या यांवर खर्च झाला असून त्याचा तपशील परिशिष्टातील हिशेबपत्रकात स्वतंत्रपणे दिला आहे. मूळ पावत्या कार्यालयीन वेळेत कोणाही देणगीदारास पाहावयास मिळतील.